ग्रहणाची गर्दी आणि आपली बंद दारे

एखाद्या आडगावी खग्रास सूर्यग्रहण दिसणार अशी वार्ता फुटली, म्हणजे त्या गावाचे दैव उघडले असे सारे म्हणू लागतात. कलेक्टर येतो, पुढारी येतो, रस्त्यावर खडी पडते, चहावाला दुसरी चूल मांडतो, ज्याची माडी आहे तो गच्चीचे भाडे ठरवितो. देशोदेशीचे पंडित दुर्बिणी घेऊन उतरतात. सगळी तयारी होते. आणि ऐन घटकेस, ज्यांचे ते गाव ते लोक मात्र दारे-खिडक्या लावून, पोरांच्या अंगावर पांघरूण घालून अंधारात बसतात! परका मनुष्य हजार कोसांवरून जे पाहावयास आला, ते आपल्याच अंगणात घडत असता आपण पाहू नये, हा हुकूम कोणाचा? आणि तो कोणाच्या फायद्याचा? आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी याचा शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

बिहारात पाटण्यापासून सुमारे दहा कोसांवर मसौढीजवळ तारेगना म्हणून ठिकाण आहे. तारे मोजण्यावरून ते नाव पडले आणि आर्यभट तेथे आकाश पाहत असे, असे तेथील लोक सांगतात. 22 जुलै 2009 रोजी या शतकातील सर्वांत लांब खग्रास ग्रहण झाले, त्याच्या वाटेवर हे गाव आले. ग्रहण पाहण्यास याहून चांगली जागा नाही असे शास्त्रज्ञांनी सांगितल्याची बातमी पसरली आणि ज्या गावाचे नाव कोणी ऐकले नव्हते तेथे हजारो माणूस लोटले. राज्याचे मुख्यमंत्री नितीशकुमार स्वतः गेले. सूर्य झाकला जाणार तो साडेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ, आणि भर पावसाळ्याची सकाळ! ढगांनी सूर्य दिसूच दिला नाही. भरल्या दिवसाचा काळोख पडला तेवढाच काय तो लोकांच्या पदरी आला. पाहुणे आल्या वाटेने परत गेले.

खरी गंमत पुढेच आहे. ग्रहण चालू असता मुख्यमंत्र्यांनी एक बिस्किट खाल्ले. त्या साली पावसाने ओढ दिली, बिहारात दुष्काळ जाहीर झाला. तेव्हा विरोधी पक्षाच्या एका बड्या पुढाऱ्याने खुशाल सांगून टाकले की, हा दुष्काळ त्या बिस्किटाने पडला! त्या साली साऱ्या हिंदुस्थानात पाऊस सरासरीहून पंचमांशापेक्षा अधिक कमी झाला होता. मग इतर प्रांतांत कोणी काय खाल्ले होते, हे त्या पुढाऱ्यास कोणी विचारले नाही. शेतकऱ्याचे पाटबंधारे कोठे अडले, पंप का बंद, विमा का नाही, या प्रश्नांस एका बिस्किटाखाली झाकता येते, हे मात्र सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी ध्यानी धरण्यासारखे आहे. त्यांनी ते धरलेही असेल.

आता राहूचे पाहू. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य व मोक्ष मिनिटांसह छापलेले असतात. हे गणित चंद्राच्या सावलीचे आहे. चंद्र सूर्याच्या आड येतो, त्याची सावली पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्याने धावते. त्या पट्ट्यात जे गाव सापडेल तेथे खग्रास, बाजूस खंडग्रास. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास हे सावलीचे कारण स्पष्ट लिहून ठेविले. 628 साली ब्रह्मगुप्ताने ग्रंथ केला, तोही ग्रहणाचे गणित सावलीनेच करतो. पण राहू न मानणाऱ्यांस, तुम्ही वेदस्मृतींच्या विरुद्ध बोलता, म्हणून दोष देतो. म्हणजे पाटीवर सावली आणि ओट्यावर राहू! बाराशे-चौदाशे वर्षे झाली, रीत तीच चालू आहे. ज्या राक्षसाची भूक वर्षभर आधी मिनिटांत सांगता येते, तो राक्षस म्हणावा की रेल्वेचे वेळापत्रक, हे भटजीबोवांनीच आम्हांस समजावून द्यावे.

या राहूची जातही ठरविलेली आहे, हे आमच्या लोकांनी विसरू नये. तो मांग, म्हणून ग्रहण सुटावे यासाठी मातंग बांधवांनी 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी देत घरोघर फिरावे आणि लोकांनी लांबून पसाभर धान्य टाकावे. सूर्य गिळल्याचा आळ त्यांच्यावर, विटाळ त्यांचा, आणि नदीकाठच्या संकल्पाची दक्षिणा मात्र दुसऱ्याच्या कनवटीस. पसा कोणाला आणि नोट कोणाला, हे पाहिले म्हणजे ग्रहणाचे निम्मे शास्त्र कळले.

आणि घरात काय होते? सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. शिजलेले अन्न टाकावयाचे, भरलेले पाणी ओतावयाचे. दूध, तूप, लोणचे यांवर मात्र दर्भाची काडी ठेवली की ती शुद्ध! म्हणजे ज्याच्या फडताळात तुपाची बरणी आहे त्याचे काही बिघडत नाही. आणि ज्या बाईने कोसभरावरून दोन घागरी डोक्यावरून आणल्या, तिचे पाणी मोरीत. ती आंबील, ती भाकरी कोणी भरून देणार आहे काय? कुंभाराचे चाक थांबते, शिंप्याची सुई थांबते, पण सावकाराचे व्याज ग्रहणात थांबल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

गरोदर बाईचे हाल तर बोलूच नयेत. विळी धरू नये, सुई धरू नये, कूस बदलू नये, पाणी पिऊ नये. नाहीतर मुलाचा ओठ फाटेल. आता ओठ फाटलेली मुले ज्या साली ग्रहण दिसत नाही त्या सालीही जन्मतात, आणि ज्या देशांत ग्रहण सोडा, पंचांगही नाही तेथेही जन्मतात. दवाखान्यात शस्त्रक्रियेने तो ओठ शिवतात. पहिल्या महिन्यांपासून फॉलिक ॲसिडची गोळी व पोटभर अन्न मिळाले तर गर्भाचे काही दोष टळतात, हे डॉक्टर सांगतात. आपण गोळीची चौकशी करीत नाही, अन्नाची करीत नाही. एक दिवस तिला उपाशी अंधारात निजवितो आणि कर्तव्य केले म्हणतो!

26 डिसेंबर 2019 रोजी सकाळी आपल्याकडे खंडग्रास दिसले, तेव्हा आम्ही शाळा भरण्यापूर्वीच पोरांस पटांगणात बोलाविले. पाठ सूर्याकडे करावयास लावून पिठाची चाळणी धरली. भिंतीवर चाळणीच्या भोकाभोकातून शेकडो लहान लहान सूर्य उमटले, आणि प्रत्येक सूर्य कोरीसारखा कुरतडलेला! लिंबाच्या झाडाखाली, पानांच्या फटींतून, तशाच कोरी जमिनीवर पसरल्या होत्या. दोन आया पोरांस ओढून न्यावयास आल्या होत्या. त्या भिंत पाहत उभ्या राहिल्या. पैसा लागला नाही. कोणास ताप आला नाही.

आमच्या मुलखाने ग्रहणाची गर्दी पूर्वीही पाहिली आहे. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रासाचा पट्टा रत्नागिरी किनाऱ्यापासून सोलापूर, वऱ्हाड, नागपूर असा गेला. विजयदुर्गास लॉकियरसाहेब इंग्रजी जहाजावरील खलाशी मदतीस घेऊन बसले. किल्ल्यातील 'साहेबाचे ओटे' अजून दाखवितात, ते बांधणाऱ्या गवंड्याचे नाव मात्र कोणी सांगत नाही. (हेलियमचा शोध 1868 साली याच ओट्यांवर लागला, असे हल्ली भाषणांत ठोकून देतात. 1868 साली लॉकियरसाहेब विलायतेतच होते. गावचा अभिमान खऱ्या गोष्टीवरही धरता येतो.) करमाळे तालुक्यात जेऊर येथे अमेरिकेचे कॅम्बेल व पुण्याच्या कॉलेजातील नायगांवाला यांचे तळ पडले. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर नावाच्या बाईने आपल्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभेचा लांबच लांब झोत टिपला. तो त्या काळी थोर पराक्रम मानला गेला. बाईमाणूस सात समुद्र ओलांडून वऱ्हाडात उघड्या माळावर उभे राहते. आणि त्याच माळाच्या कडेच्या गावात आमच्या आयाबायांस काय सांगितलेले असेल, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्याच्या मागल्याच साली रयत दुष्काळाने होरपळली होती आणि प्लेग चालू होता. साहेबांचे तळ आले नि उठले. गावास काय राहिले?

याच्या उलट एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत ओरेगन प्रांतात मद्रास नावाचेच एक गाव आहे. वस्ती सहा-सात हजारांची, धंदा शेतीचा. 21 ऑगस्ट 2017 च्या खग्रासास तेथे लाखभर माणूस येईल असा अंदाज होता. गावकऱ्यांनी वर्षे आधी तयारी धरली. शेतकऱ्यांनी आपली राने तंबूंसाठी व मोटारींसाठी स्वतः भाड्याने दिली. पाणी, संडास, दवाखाना, आगीचा बंब यांची योजना केली. परतीच्या वाटेवर मोटारी तासन् तास अडकून पडल्या, हे खरे. पण जमीन ज्याची, पैसा त्याचा, आणि ग्रहण पाहावयास गाव आपल्या दारात उभे, हा मुद्दा आम्हांस मोलाचा वाटतो. आपल्याकडे असे झाले असते तर मध्ये ठेकेदार आला असता, त्याच्यामागे पुढारी, आणि शेतकऱ्याच्या हाती चाकोऱ्या पडलेले रान.

एकाच जागी खग्रास पुन्हा येण्यास सरासरीने पावणेचारशे वर्षांच्या आसपास काळ लागतो. तेव्हा त्या गर्दीच्या भरवशावर कर्ज काढून हॉटेल बांधणारा बुडणारच. गावाने या निमित्ताने करून घ्यावे ते नळ, संडास, रस्ता, आरोग्यकेंद्र. कारण ते गर्दी पांगल्यावरही गावातच राहते.

हे सगळे आजच का, असे कोणी विचारील. तर 2 ऑगस्ट 2027, सोमवार, आषाढ अमावास्या, या दिवशी मोठे खग्रास ग्रहण आहे. त्याचा पट्टा स्पेन, इजिप्त, अरबस्थान या मुलखांवरून जातो; तिकडे लक्सरला जगाची गर्दी होईल. आपल्याकडे दिवस कलताना खंडग्रास. आणि याच दिवशी नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान जाहीर झालेले आहे! त्र्यंबकेश्वर ते केवढे; 2011 च्या खानेसुमारीत बारा हजारांचे गाव. तेथे लाखांनी लोक उतरणार, गल्ल्या अरुंद, पावसाचे दिवस. आणि वेधाचा नियम धरला तर पहाटेपासून अन्नपाणी बंद. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या, गरोदर बायका, उपाशीपोटी त्या रेट्यात! 27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगरून 39 जीव गेले. 22 जुलै 2009 च्या ग्रहणास काशीच्या घाटावर चेंगराचेंगरीत एक वृद्ध स्त्री प्राणास मुकली. उपाशी माणूस भोवळ येऊन पडतो आणि त्याच्यावर दहा पडतात. मग म्हणावयाचे, ग्रहण भोवले.

म्हणून आमचे उघड मागणे आहे. त्या दिवशी अन्नछत्रे व पाण्याच्या टाक्या वेधाच्या नावाखाली एक क्षणही बंद राहू नयेत. ज्यांची शेते तळासाठी घेतली जातील त्यांना लेखी करार व भाडे आगाऊ मिळावे. पीक गेले तर त्याची भरपाई निराळी. मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांस दुप्पट मजुरी व हातमोजे-बूट द्यावे. कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात हे कलम शेवटी नव्हे, पहिले असावे. ग्रहणाच्या वेळी कोठलाही नवा लोंढा कुंडाकडे सोडू नये.

आणि डोळ्यांची तयारी. लाखो माणसे नदीकाठी उभी असता पश्चिमेस सूर्य कुरतडलेला दिसेल. ढग फाटले की सारे वर पाहणार. उघड्या डोळ्याने पाहिल्यास पडदा जळतो, दुखत नाही म्हणून कळतही नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी एकही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा, नाहीतर वेल्डिंगची चौदा नंबरची काच, नाहीतर चाळणी व पाठ फिरविणे. आपल्याकडे खंडग्रासच असल्याने चष्मा क्षणभरही काढावयाचा नाही.

मास्तरांस आमची विनंती की, सोमवारची शाळा सुटी देऊन बुडवू नये. उलट सायंकाळपर्यंत उघडी ठेवून आयांस बोलवावे. त्या दिवशी घरोघर दिव्यांची पूजा असते. दिवे उजळून खिडक्या लावून घ्यावयाच्या, ही कसली पूजा? ग्रामपंचायतींनी चष्म्यांची मागणी एकत्र, पुष्कळ आधी नोंदवावी. शेवटच्या आठवड्यात बाजारात खोटे चष्मे येतात व ते खऱ्याहून स्वस्त असतात. खरा चष्मा घालून घरातल्या दिव्याकडे पाहिले तर काहीही दिसत नाही. दिसले तर तो दुकानदारास परत करावा आणि पैसे मागून घ्यावे.