पोराची सही चालत नाही, स्टेअरिंग कसं चालतं?



महिनाभरापासून आपल्या ग्रुपवर "मी गाडी कसा शिकलो" या आठवणींचा पूर आला आहे. कोणी बाराव्या वर्षी वडिलांची जीप संत्र्याच्या बागेतून काढली, कोणी तेराव्या वर्षी ट्रॅक्टर थेट पांढुर्ण्याच्या मंडीत नेला. वाचायला मजा येते, मीही वाचतो. पण परवा एकाने नातवाचा व्हिडिओ टाकला. पोट्टं आठवीतलं, सौंसर-नागपूर रोडवर कार चालवतंय, बाजूला बाप बसून शाबासकी देतोय. खाली अंगठ्यांची रांग, "वाघ आहे वाघ!" आणि एक भाऊ लिहितात, सरकारने वय 16 करून टाकावं, आपली पोरं शहरातल्यांपेक्षा लवकर तयार होतात.

हात-पाय तयार होतात हो, मान्य. क्लच-ब्रेक पंधरा दिवसांत येतो. पण वयाची अट हात-पायांसाठी नाहीच.

माझी नोकरी बँकेतली. बी.कॉम.ला शिकलेला 1872 चा करार कायदा जन्मभर उपयोगी पडला. अठराच्या आतल्याने केलेला करार मुळातच रद्द. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबीच्या खटल्यात तसं ठरवलं. म्हणून सतरा वर्षांच्या पोराच्या सहीवर आम्ही शंभर रुपयेही कर्ज दिलं नाही. पोरगं हिशोबात बापापेक्षा हुशार असलं तरी नाही. प्रश्न हुशारीचा नव्हता. उद्या पैसे बुडाले तर मागायचे कोणाला, हा होता. ज्याची सही आपण शंभर रुपयांना मानत नाही, त्याच्या हातात हजार किलोचं लोखंड देऊन त्याला रस्त्यावर सोडायचं, हे कोणत्या हिशोबात बसतं?

"आमच्या काळी असा कायदाच नव्हता" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. 1939 च्या मोटार कायद्यातही वय 18 च होतं. 1988 च्या कायद्यात तेच राहिलं, फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 16. कायदा तेव्हाही होता, आपल्याकडे कोणी विचारत नव्हतं इतकंच. आणि कायदा "सार्वजनिक ठिकाणी" म्हणतो. पोराला हौसच असेल तर स्वतःच्या वावरात, कुंपणाच्या आत, शिकवा ना बापा. हायवे काहून पाहिजे?

आता 2019 ची दुरुस्ती बघा. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. शिवाय कोर्ट आधीच धरून चालतं की गाडी पालकाच्याच संमतीने नेली. "मला न विचारता नेली" हे सिद्ध करायचं काम बापाचं.

ही कैद प्रत्यक्षात किती जणांना होते, ते सोडा. खरी मार विम्याची आहे, आणि ती कोणी सांगत नाही. लायसन नसलेला चालवत होता असं निघालं की विमा कंपनी बहुतेक खटल्यांत आधी मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई देते आणि मग तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते. एका शाखेत असताना असाच एक शेतकरी माझ्यासमोर येऊन बसला होता. गाडी त्याची, चालवणारं पोरगं दहावीतलं, मेलेला सायकलवाला दुसऱ्या गावचा. कर्ज कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाला, "साहेब, मोटारीचे हप्ते तं कवाच फिटले, आता माणसाचे भरायचे आहे." विम्याची पॉलिसी त्याच्या पिशवीत होती. हप्ता वेळेवर भरलेला.

पुण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 19 मे 2024 ची पहाट, कल्याणीनगर, नंबर प्लेट नसलेली पोर्शे, चालवणारा 17 वर्षांचा. मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. ते दोघे आपल्याच मध्य प्रदेशचे होते, मुलगी जबलपूरची, मुलगा उमरिया जिल्ह्यातला. पहिल्या दिवशी जामीन देताना अट काय, तर 300 शब्दांचा निबंध लिही. तेव्हा याच ग्रुपवर आपण किती संतापलो होतो! तो बिल्डरचा पोरगा म्हणून राक्षस, आणि आपला सेकंडहँड कार चालवतो म्हणून वाघ? रस्त्यावर समोरून येणाऱ्याला गाडीची किंमत कळत नसते.

राहता राहिल्या आठवणी. त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण तेव्हा सौंसरच्या रस्त्यावर दिवसभरात गाड्या किती जात होत्या? बैलगाड्याच जास्त. आज तिथे कोळशाचे ट्रक आहेत आणि शनिवारी जामसावळीला जाणारी गर्दी. आणखी एक कडू बोलतो, राग मानू नका. बाराव्या वर्षी गाडी चालवून जे वाचले, तेच इथे आठवणी लिहितात.

आता दुसरी बाजू. सोळा वर्षांच्या मुलीला खेड्यातून क्लासला यायचं आहे, घरी न्यायला-आणायला कोणी नाही, ही अडचण खरी आहे. कायद्याने तिला 50 सीसी दिली, पण बाजारात आता 50 सीसीची गाडी शोधून दाखवा. लुना होती तो जमाना गेला. आपलं राज्य परिवहन 2005 नंतर सरकारने गुंडाळलं. पलीकडे वरूडला, सावनेरला लाल एसटी आजही गावागावात जाते, आणि आपल्या पोरी खाजगी बसवाल्याच्या मर्जीवर. वय 16 करा म्हणणाऱ्यांनी हा राग बसवर काढला असता तर मी पहिला अंगठा दिला असता.

2023 पासून आपला पांढुर्णा जिल्हा आहे. गोटमारीसाठी दरवर्षी कलेक्टर साहेब बैठका घेतात, पोलीस उभे करतात. मग शाळा-क्लासच्या वेळेला गावोगावच्या बससाठीही एक बैठक मागू या. अर्ज मी लिहितो, पंचवीस सह्या तुम्ही जमवा, फक्त सगळ्या अठराच्या वरच्यांच्या.