मेणाचा पाय आणि आपले हात



8 सप्टेंबर, पवित्र मरियेचा जन्मदिन जवळ आला की आमच्या सावरगावच्या प्रार्थनागटात वांद्र्याच्या मोत मावलीचा विषय निघतोच. सणानंतरच्या रविवारपासून तिथे आठवडाभर जत्रा भरते. गेल्या वर्षी आम्ही नऊ जण नागपूरहून रात्रीच्या गाडीने गेलो. सोबत गटातल्या एक मावशी होत्या. शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती.

डोंगरावरचे आजचे चर्च 1904 सालचे. 1954 मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. पण माऊलीचे ठाणे त्याहून फार जुने, पोर्तुगीज काळातले. 1700 साली चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला, असे सांगतात. पुढे 1738 मध्ये मराठ्यांच्या स्वारीच्या काळात ते प्रार्थनास्थळ नष्ट झाले आणि 1761 मध्ये पुन्हा उभे राहिले. जिचा स्वतःचा हात तुटला, तिच्याच पायाशी लोक आपले दुखरे हातपाय घेऊन येतात, हे आम्हाला फार बोलके वाटते.

बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घरसुद्धा मिळते. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सारेच घेतात. आपल्यातले काही जण याला अंधश्रद्धा म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत, तो आपले दुखणे मेणात धरून देवापुढे ठेवतो. प्रार्थनाच आहे ती. मात्र तो मेणाचा पाय म्हणजे बरे होण्याची किंमत नव्हे. देवाच्या घरी असा सौदा होत नाही.

मावशींनी मेणाचा पाय वाहिला. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "आता पट्टी कशाला? मातेला पाय दिला ना!"

आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलो. औषध बंद करू नका, डॉक्टरही देवानेच दिलेत, वगैरे. मावशींनी ऐकून घेतले आणि हळूच म्हणाल्या, "पण पांढुर्ण्याला पट्टी बदलायला मला नेणार कोण?"

डबा गप्प झाला. मुंबईसाठी आम्ही चार दिवस काढले होते. नदीपलीकडच्या पांढुर्ण्यासाठी चार महिन्यांत एकालाही एक तास मिळाला नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा दगड लागलेल्याला उचलायला आमच्याकडे क्षणात माणसे धावतात. पण जिथे रक्त वाहताना दिसत नाही, महिनोन्महिने घरात पडून राहावे लागते, त्या दुखण्याकडे आपण "प्रार्थना करतो हं" म्हणून पाठ फिरवतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवा. पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट आणले, छप्पर उघडून खाली सोडले. प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रसंग आम्ही कितीदा शिकवला असेल! खाट उचलायची वेळ आपली आहे, हे मात्र गाडीत बसून कळले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. यात्रेला जरूर जा, मेणबत्ती लावा, नवस बोला. पण निघण्याआधी आपल्या गल्लीत कोण आजारी आहे ते विचारा. आणि परत आल्यावर तीर्थाची बाटली देऊन थांबू नका, त्याला दवाखान्यात न्या, गोळ्या वेळेवर घेतो का पाहा, उशाशी बसून जपमाळ म्हणा. माऊलीला आपण मेणाचे हात वाहतो. तिला आपले खरे हात हवे असतील.

मावशींची जखम अजून पूर्ण भरलेली नाही, पण सुकत आली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना कोणी न्यायचे, याच्या पाळ्या लागल्या आहेत. यंदा वांद्र्याला जाऊ तेव्हा मातेचे आभार आधी त्यासाठी मानू.

हे माते, आजाऱ्यांच्या आधारा, आम्हाला खाट उचलायला शिकव. आमेन.