गोळ्यांच्या दिवशीच तपासणी

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. एवढ्या लांबून एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या बाईची मजुरी बुडते. रोवणी किंवा तेंदूच्या हंगामात तर ते फारच महागात पडते. तिच्या कागदावर आपण ‘स्त्रीरोग विभागात दाखवावे’ एवढे लिहितो. ती दाखवत नाही, आणि दोष तिच्या अडाणीपणाला जातो.

एचआयव्हीबाधित स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. व्हायरल लोड दबला की आपण निर्धास्त होतो, पण एआरटी हे या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूवरचे औषध नव्हे. सीडी४ खाली असताना मूळ धरलेला एचपीव्ही नंतरही टिकून राहू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना या स्त्रियांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून सांगते: एचपीव्ही चाचणी दर ३ ते ५ वर्षांनी, ती नसेल तिथे व्हीआयए (ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे) दर ३ वर्षांनी.

सर्वसाधारण स्त्रियांपुरता पुरावा आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका फेरीच्या व्हीआयएने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हीआयए एकदा उरकून रजिस्टर भरण्यात, थोडक्यात, अर्थ नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की तपासणीचे टेबल गोळ्यांच्या खिडकीजवळ आणा. पडदा, स्पेक्युलम, चांगला दिवा, ताजे केलेले ५ टक्के ॲसेटिक ॲसिड आणि प्रशिक्षित सिस्टर. द्रावण लावून पूर्ण एक मिनिट थांबा; घाईत नेमके हेच चुकते. ट्रान्सफॉर्मेशन झोनला चिकटलेला, ठळक कडेचा दाट पांढरा चट्टा दिसला आणि तो थर्मल अब्लेशनला योग्य असेल, तर ते त्याच दिवशी करता येते. एचपीव्हीचा नमुना तर बाई स्वतःच घेऊ शकते. लाजेचा प्रश्न त्याने बराच सुटतो.

बाई टेबलावरून उतरली की तोंडही उघडून बघा. तंबाखू-सुपारीचा खर्रा इकडे बायाही खातात. आणि मानेतली गाठ टीबीच्या औषधांनी बसत नसेल, तर औषधे लांबवत बसू नका. लिम्फोमा मनात धरून बायोप्सीला पाठवा, आणि ती तारीखही पुढच्या गोळ्यांच्या दिवसालाच जोडून घ्या.