पाणंदीचा टायर, हमरस्त्याचा टायर

खानापूर तालुक्यात बोलेरो ही शेताची, बाजाराची, लग्नाची आणि दवाखान्याची अशी सगळ्याचीच गाडी असते. सकाळी ती द्राक्षबागेत औषधाचे डबे पोचवते, दुपारी विट्याच्या बाजारात उभी असते आणि रात्री कुणाला अडचण आली तर कराडच्या नाहीतर सांगलीच्या दवाखान्याकडे सुटते. म्हणून तिचे टायर गुळगुळीत झाले की घरात पडणारा प्रश्न सोपा नसतो. कमी पैशात कोणता टायर घ्यायचा, आणि तो शेतासाठी घ्यायचा की डांबरी रस्त्यासाठी? एका टायरला पाच-सात हजार धरले तरी स्टेपनीसह पाचांचे पैसे एकदम काढणे हंगामाच्या तोंडावर जड जाते.

आधी जमीन पाहू. विट्याच्या आसपास माळावर उथळ मुरूम आहे, येरळेच्या काठाने काळी आहे. मुरमावर कोरड्या दिवसांत कोणताही बरा टायर चालतो. काळीत मात्र चिखल नक्षीत घट्ट बसतो आणि नवा टायरही जागच्या जागी फिरत राहतो. पूर्वी ही अडचण पावसाळ्यापुरती होती. टेंभू योजनेचे पाणी आले तसे ऊस आणि बागा वाढल्या, आणि भिजवणीचे पाणी पाणंदीत उतरून ऐन उन्हाळ्यातही एखाद्या वळणावर राड करू लागले. दुष्काळी भागात चिखलाचा टायर कशाला, हा जुना हिशेब आता पूर्ण खरा राहिलेला नाही.

पण म्हणून मोठ्या गट्ट्यांचा, खास चिखलासाठीचा टायर घ्यावा असेही नाही. शेतापर्यंतची पाणंद फार तर दोन-तीन किलोमीटरची, बाकीचे सगळे पळणे गुहागर–विजापूर हमरस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या डांबरी रस्त्यांवर. तिथे हाच टायर घोंगावतो, डिझेल जास्त खातो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिखलात रुतलेली गाडी शेजारच्या ट्रॅक्टरने निघते. पावसात न थांबलेल्या गाडीला तसा उपाय नसतो. घाटनांद्रे-ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामासाठी रोज चढणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा कच्चा रस्ता रोजचा आहे, त्यांना जाड नक्षीचे पैसे वसूल होतात.

दुसरे टोक गलाई व्यवसायातल्या मंडळींचे. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी या तालुक्यातली कुटुंबे देशभर पांगली आहेत आणि जत्रेला, दिवाळीला शेकडो किलोमीटर गाडी चालवत गावी येतात. त्यांची थार किंवा स्कॉर्पिओ दिसायला कितीही रांगडी असली तरी तिचे आयुष्य महामार्गावर जाते. त्यांनी साधा रस्त्याचा टायर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

उरतो तो मधला, दोन्हीकडे चालणारा टायर. दुकानात त्याला ‘ए-टी’ म्हणतात. सीएटचा झार, एमआरएफचा वाँडरर, अपोलोचा ॲप्टेरा ही त्यातली ओळखीची नावे. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला कंपनीने कारखान्यातूनच असा टायर दिला. तो निव्वळ रस्त्याच्या टायरपेक्षा थोडा महाग पडतो आणि थोडा आवाजही करतो. पण शेत आणि हमरस्ता दोन्ही रोज गाठणाऱ्या घराला तोच परवडतो, असे माझे मत आहे. त्याच २०२० च्या जूनमध्ये केंद्राने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामुळे देशी कंपनीचा टायर घेणे सोयीचेही झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा फरक पाच टायरांच्या बिलात चांगलाच जाणवतो.

इथे रिमोल्डची, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेण्याची, बाजू घेणारे भेटतात आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ट्रकच्या मागच्या चाकांना, ट्रॉलीला रबर चढवून घेणे हा जुना आणि शहाणपणाचा व्यवहार आहे. ट्रकच्या टायरचा सांगाडाच एकापेक्षा जास्त वेळा रबर पेलेल असा बनवलेला असतो. जीपचा टायर तसा नसतो. एप्रिलच्या उन्हात, भरलेली गाडी ऐंशीच्या वेगात असताना चढवलेले रबर सुटले तर स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढच्या चाकांना तर रिमोल्ड नकोच. शहरातून येणाऱ्या जुन्या टायरांबद्दल मी याहून कडक आहे. नक्षी भरपूर दिसते, पण आतून लावलेला पॅच बाहेरून कळत नाही आणि वर्षे उलटली की रबर कडक होऊन कडेला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नवा टायर घेतानाही हे अंक वाचावेत, कारण दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायरही नवा म्हणूनच विकला जातो.

मापाचा मोह तरुणांना फार. बोलेरोचे नेहमीचे माप २१५/७५ आर १५. त्याहून रुंद, उंच टायर घातला की स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, वळताना टायर आतल्या पत्र्याला घासतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत बेकायदा बदल केल्याचा प्रश्न उभा राहतो. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही तो आडवा येऊ शकतो.

पैसे दोनच टायरांचे असतील तर? साध्या बोलेरोला मागची चाके ओढतात. नवे दोन मागे टाकले तर चिखलात पकड मिळते आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटत नाही. पुढे राहिलेल्या जुन्यांची नक्षी मात्र बरी हवी. कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण तेवढ्यावर आला म्हणजे काळीत तो कधीच निकामी झालेला असतो. फोर-व्हील थारला ही काटकसर चालत नाही. चारही चाके सारख्या घेराची नसतील तर फोर-व्हील लावल्यावर सगळा ताण गिअरच्या दांड्यांवर येतो.

बाभळीच्या काट्याला घाबरून महाग टायर घेण्यात अर्थ नाही. ट्यूबलेसमध्ये काटा मोडून राहतो, हवा दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरते आणि पंक्चरवाला वात घालून काम भागवतो. खरा शत्रू आहे बाजूला लागणारा दगड. कडेची भिंत चिरली की वात चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. आणि हा दगड पुष्कळदा माणसानेच टाकलेला असतो. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेतरस्त्यांची, पाणंदींची कामे होत आहेत, त्यांची गरजही मोठी आहे. पण खडी पसरून महिनोन्‌महिने रोलर न फिरवलेला रस्ता मातीच्या रस्त्यापेक्षा वाईट. धारदार कोपरे वर करून पडलेली ती खडी चांगल्या टायरलाही सोडत नाही. पाणंद मंजूर करणाऱ्यांनी खडीच्या पाठोपाठ मुरूम आणि रोलर यांचीही तारीख ठरवावी, आणि ती पाळली गेली का हे ग्रामसभेत विचारले जावे.