बरोबर उत्तराला भोपळा

त्रिपदीच्या अवयवांबद्दल या महिन्यात सात पत्रे आली. त्यांतल्या सहांची तक्रार जुनीच. मुलाने मधल्या पदाची फोड −८क्ष + ९क्ष अशी केली, आदर्श उत्तरपत्रिकेत +९क्ष − ८क्ष होती, म्हणून गुण कापला. यावर लिहून आता कंटाळा आला. क्रमनिरपेक्षता ज्यांना पाठ आहे पण पटलेली नाही, त्यांच्यावर आणखी शाई कशाला खर्चायची?

सातवे पत्र एका शिक्षिकेचे आहे. आठवीच्या सामाईक सराव परीक्षेत ६क्ष² + क्ष − १२ चे अवयव विचारायचे होते. छापताना १२ चे १३ झाले. त्यांच्या एका विद्यार्थिनीने गुणाकार −७८ काढला, ७८ च्या चारही जोड्या मांडल्या: १ व ७८, २ व ३९, ३ व २६, ६ व १३. समोर वजाबाक्या लिहिल्या: ७७, ३७, २३, ७. खाली एक ओळ: कुठेच १ येत नाही, म्हणून पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. आठवीच्या मुलीने याहून काय सिद्ध करायचे? तिला भोपळा. (२क्ष + ३)(३क्ष − ४) लिहिणाऱ्यांना मात्र पैकीच्या पैकी. कंस गुणून पाहिले असते, तर शेवटी −१२ येते हे त्यांनाही दिसले असते आणि तपासनिसालाही.

बाईंनी अर्ज केला. उत्तर आले: आदर्श उत्तरपत्रिका अंतिम आहे, प्रश्न सदोष असल्यास परीक्षेपूर्वी कळवायला हवे होते. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका सीलबंद असते, हे सील लावणाऱ्यांना कोणी सांगायचे?

पण सगळे खापर कचेरीवर फोडून चालणार नाही. न फुटणारी त्रिपदी आपण वर्गात कधी देतो? क्ष² + मक्ष + न मध्ये म आणि न १ ते १० घेऊन पाहा. शंभरांतल्या अवघ्या १४ फुटतात. आपण वर्षभर त्या १४ च घोटून घेतो, मग मुलांना वाटते की फुटत नाही म्हणजे आपलेच चुकले. ही मुलगी तशी डगमगली नाही, याचे श्रेय तिच्या बाईंना.

विवेचक दहावीत येतो, पण प्रश्नपत्रिका काढणारे दहावी झालेले असतात ना? १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग; १ + ३१२ = ३१३, वर्ग नाही. मुद्रित तपासताना एवढे करायला अर्धा मिनिट पुरतो.

तेव्हा सभासदहो, पत्रांतून हळहळू नका. बरोबर असूनही गुण कापलेल्या उत्तरांच्या प्रती, मुलाचे व शाळेचे नाव झाकून, २५ तारखेच्या आत पाठवा. पुढच्या अंकाची आठ पाने त्यांच्यासाठी राखली आहेत. आणि ज्यांची वर्गणी दिवाळीपासून थकली आहे, त्यांनी तीही त्याच पाकिटातून धाडावी.