नदी राखायची तर काठच्या गावाच्या हाताने



धावंडा, अरुणावती आणि पैनगंगा यांचे जे काठ आणि डोह अजून शाबूत आहेत, त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणी जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठेवत आहोत. 'निसर्गरम्य नदी' हे शब्द ऐकूनच काहींच्या कपाळाला आठी पडेल. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून आता झाडे-पाखरे बघत बसायचे काय? प्रश्न रास्त आहे.

सहस्रकुंडाचा धबधबा सोडला तर आपल्याकडे नदी पाहायला कोण जातो? आपल्याला नदी दिसते ती विहिरीत. पात्रातल्या रेतीत पावसाचे पाणी मुरते आणि झऱ्याझऱ्याने काठच्या विहिरींना लागते. रेती खरवडून खडक उघडा पडला की नदी पावसाळ्यात नुसती धावते आणि दिवाळी उलटली की कोरडी पडते. पात्र खाली गेले की विहिरीचे पाणीही खाली जाते. ज्याच्याकडे एक विहीर आणि दोन एकर ओलित आहे, त्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. रेतीघाटाच्या लिलावाचा पैसा सरकारी तिजोरीत, रेती ठेकेदाराच्या ट्रॅक्टरमध्ये, आणि फुटतो तो आपला पांदण रस्ता! डोह देखणा राहिला तर आनंदच आहे, पण आमची ओढ त्यातल्या पाण्याकडे आहे.

आता अशा संरक्षणाचा इतरांचा अनुभव पाहू. अमेरिकेत 2 ऑक्टोबर 1968 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी अशाच कायद्यावर सही केली. त्या दिवशी गांधीजयंती होती, हे त्यांच्या ध्यानात असेल असे वाटत नाही. सुरुवातीला आठ नद्या घेतल्या. संरक्षित पट्ट्यात तिथल्या केंद्र सरकारने नवे धरण बांधायला मदत करायची नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. गावोगाव धरणे बांधलेल्या देशालाच ही उपरती झाली. पण चार वर्षांनी, 1972 मध्ये, आर्कान्सा राज्यातली बफेलो नदी वेगळ्या कायद्याने राष्ट्रीय नदी ठरली, तेव्हा काय झाले तेही ऐका. नदीवरचे धरण टळले, लोक आनंदले, आणि मग काठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने उद्यानासाठी घेतल्या. धरणाच्या पाण्यातून वाचलेली वावरे उद्यानाच्या नकाशात बुडाली.

आपल्या देशातही वेगळे घडले नाही. डिसेंबर 2012 मध्ये केंद्राने गोमुखपासून उत्तरकाशीपर्यंतचा भागीरथीचा सुमारे 100 किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा मुलूख एका अधिसूचनेत आला. नदी वाचवण्याचा हेतू चांगला होता, पण आमचे रस्ते, आमची घरे यांचे काय, असे म्हणत तिथल्या गावकऱ्यांनी आणि राज्य सरकारनेही विरोध केला. महाराष्ट्राने 2000 साली नद्यांचे वर्ग पाडून काठापासून ठरावीक अंतरात कारखान्यांवर निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले. फेब्रुवारी 2015 मध्ये ते रद्द झाले. सरकारी आदेशाने आलेले सरकारी आदेशानेच गेले, काठच्या गावाला ना येताना विचारले ना जाताना.

म्हणून आमची नजर 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 37 वर आहे. स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकते. 2021 मध्ये सिंधुदुर्गातल्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची 2.11 हेक्टर जागा एका दुर्मीळ माशासाठी अशी जाहीर झाली. बोटभर माशाला जे मिळाले ते आपल्या डोहाला का मिळू नये? या तरतुदीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, गावाची चालत आलेली वहिवाट गावाने स्वतःहून ठरवल्याशिवाय बंद होऊ नये. अधिसूचनेमुळे कोणाचे आर्थिक नुकसान झाले तर भरपाईची योजना राज्याने करायची, हे खुद्द कायद्यात आहे. यासाठीची जैवविविधता समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. तुमच्या गावच्या समितीवर कोण आहे ते एकदा विचारून बघा. खुद्द सदस्यालाच ठाऊक नसेल तर नवल नाही.

या कलमाने सगळे साधेल असे आम्ही म्हणत नाही. दिग्रसजवळ अरुणावतीवर धरण आहेच, आणि ज्यांची वावरे त्यात गेली त्यांना नदीचे मोल कोणी शिकवू नये. निम्न पैनगंगा प्रकल्पाला 1997 मध्ये मंजुरी मिळाली. बुडिताखाली येणारी गावे त्याच्याविरुद्ध लढत आली, आणि पाण्याची आस असलेलेही शेतकरीच आहेत. दोन्हीकडचे आपलेच भाऊ. हा वाद एका ठरावाने मिटेल असा आव आणणे म्हणजे दोघांनाही फसवणे होईल, म्हणून हा ठराव त्या वादापासून अलग ठेवावा.

ठरावात मात्र अटी स्पष्ट हव्यात. जनावरांचे पाणी, पात्रातली डांगरवाडी, भोई-ढिवर बांधवांची मासेमारी, काठच्या विहिरीवरची मोटर, गाळ काढून वावरात टाकणे, यातले काहीही बंद होणार नाही. बंद व्हायचे ते यंत्राने रेती उपसणे आणि कारखान्याचे व शहराचे घाण पाणी नदीत सोडणे. एक गुंठाही जमीन संपादन करायची नाही. यातली एकही अट गाळायला सांगितली, तर आम्ही स्वतः ठराव मागे घेऊ.

बैठकीला येताना प्रत्येक काठच्या गावाने यादी आणावी. चैत्रात कोणत्या डोहाला पाणी असते, त्याच्या आधाराने किती विहिरी चालतात, शेजारचे गट क्रमांक कोणते. गट क्रमांकाशिवाय गेलेला कागद पहिल्याच टेबलावर अडतो. डोहांची नावे गावातल्या आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, सातबारावर ती सापडायची नाहीत.