बटाटा ताटात चालत नाही, मग गालावर कसा?



चातुर्मास जवळ आला की मंडळाच्या ग्रुपवर नियमांच्या यादीसोबत हर्बल लेपांच्या जाहिरातीही फिरायला लागतात. ज्येष्ठमध, कोरफड, तुतीचा अर्क. ‘शंभर टक्के नैसर्गिक, अहिंसक, जैन भगिनींसाठी खास.’ महिनाभरात म्हणे मुलीचा रंग उजळतो. मुलीचा रंग हा दोष ठरवायचा आणि त्यावरचा उतारा आपल्याच धर्माचे शब्द लावून विकायचा, याची मला चीड येते.

अहिंसक कशावरून? डब्यावरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आतला माल शाकाहारी मानला जातो. आपल्यातल्याच कितीतरी घरांत डोळ्यांखालचं काळं घालवायला कच्चा बटाटा चोळतात. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआत न येणारा बटाटा न्हाणीघरात चालतो! मधाचं तेच. मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपण मुलांना लहानपणीच शिकवतो आणि लेपात मात्र चमचाभर मध कालवतो. जिभेला नियम, गालाला सूट. (ज्येष्ठमध तर मूळच. वाळलेलं म्हणून हळद-सुंठीसारखं चालतं, असं म्हणणाऱ्या आहेत. तो वाद आज नको.)

‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ हे दुसरं पालुपद. त्वचेतल्या पेशी टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन, बेअरबेरीच्या पानांतलं आर्ब्युटिन ही द्रव्यं त्या एन्झाइमला अडवतात. म्हणजे त्यांचं काम औषधासारखं, आणि औषध म्हटलं की मात्रा आली, अपायही आला. आर्ब्युटिन म्हणजे साखरेच्या रेणूला जोडलेलं हायड्रोक्विनोन. हेच हायड्रोक्विनोन त्वचारोगतज्ज्ञ मोजून, ठरावीक काळापुरतं देतात, कारण वर्षानुवर्षं फासलं तर कातडी निळसर काळी पडू शकते. गोरं व्हायला निघालेलीच्या नशिबी हे! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. त्याला कारण असलेल्या द्रव्यांच्या जातीचंच द्रव्य बावचीत आहे, आणि बावची वापरतात ती कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग आणायला. वनस्पतीला कुठे ठाऊक की आपल्याला सून गोरी हवी?

शिवाय ओळखीच्या बाईकडून घेतलेल्या, लेबल नसलेल्या डबीत नक्की काय आहे हे कोण तपासतं? २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना त्यांच्यातला समान धागा सापडला तो गोरं करणाऱ्या क्रीमचा. त्यात पारा होता. अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला आपल्याकडे बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा.

वांगाची गोष्ट वेगळी. बाळंतपणात किंवा उन्हाने गालावर डाग आले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, सनस्क्रीन लावा, डोक्यावर पदर घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जन्मतः सावळ्या मुलीला कसला रोग झालाय? तिच्या मेलॅनिनने तिला उन्हापासून थोडं राखलंच आहे.

एक काकू मला म्हणाल्या, “अगं, शास्त्रातच कृष्ण लेश्या वाईट सांगितली आहे.” काकू, वाईट सांगितली ती भावलेश्या, मनातल्या कषायांनी रंगलेली. शरीराचा वर्ण नामकर्माच्या उदयाने येतो आणि काळा, निळा, लाल, पिवळा, पांढरा हे पाचही वर्ण त्यात आहेत. नेमिनाथ आणि मुनिसुव्रतनाथ या आपल्या तीर्थंकरांचा वर्ण श्याम. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर आपण दुधाची धार धरतो, गंधोदक डोळ्यांना लावतो आणि मंदिराच्या पायऱ्या उतरता उतरता विचारतो, “मुलगी रंगाने कशी आहे?”

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. आपल्या बायोडेटातही ‘गोरी’ जाऊन ‘उजळ’ आलं. मागणी तीच राहिली. चौदा वर्षांच्या पोरीला आई रोज रात्री लेप लावून बसवते, तेव्हा ‘तू अशी चालणार नाहीस’ हे तिला न बोलता कळतं. हिंसा काय फक्त ताटातच मोजायची?

पुढच्या वधू-वर मेळाव्याचे फॉर्म अजून छापायचे आहेत. त्यात शिक्षणाच्या खाली ‘वर्ण’ असा रकाना असतो. तो काढा, असं मी आमच्या मंडळाला लेखी कळवलं आहे. तुमच्या गावात फॉर्म कोण छापतं, ते विचारून तुम्हीही कळवा.